खडूस मास्तरचा शेरा

सिंदीच्या आमच्या घरात माझं मत कोणी विचारलंच, तर ते वरणात मीठ बरोबर पडलंय का, एवढ्यापुरतं. बाकी मतं बाबांची असत आणि बाबा ती फार जपून देत. ते लाईनमन होते. खांबावर चढणाऱ्या माणसाला बोलण्यापेक्षा पाहण्याची सवय जास्त असते. जेवताना ते ताटाकडे नाही, तर दाराबाहेरच्या तारांकडे बघत, आणि आई म्हणे, "पोटात अन्न चाललं का करंट, हेई समजत नाई या माणसाले." आई अंगणवाडीत जायची. सकाळी चुलीवर ज्वारीच्या भाकरी थापून, शेजारी तव्यावर मिरची-लसणाचा ठेचा भाजून ती निघाली की घरभर मिरचीची धुरी उरे, आणि त्या धुरीत ठसकत मी वेणी घालत असे. घर रुळांपासून इतकं जवळ की मालगाडी निघाली की मांडणीवरची ताटं एकमेकांना लागून किणकिणत. कुठली गाडी जातेय हे आई त्या किणकिणीवरून सांगे. दिवाळीनंतर कापसातून सरकी काढायचं जिनिंग सुरू झालं की त्यात यंत्रांची घरघर मिसळे, आणि अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर रुईचे बारीक तंतू येऊन बसत. पावसाळ्यात जिनिंग बंद असे. तेव्हा गाव एकदम बहिरं झाल्यासारखं वाटायचं.

आमच्या आणि मेश्रामकाकांच्या घरात छातीएवढी एक भिंत होती. काका जिनिंगात काट्यावर होते, कापूस तोलायला. त्यांचा मुलगा प्रशांतदादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. गावातल्या दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, बुद्धविहारातल्या कार्यक्रमाचे फलक, सगळं त्याच्या हातचं. मला मात्र तो ठाऊक होता तो त्याच्या लोखंडी पेटीमुळे. पेटीभर कॉमिक्स. मी चौथीत असल्यापासून तो एकेक अंक भिंतीवरून माझ्या हातात द्यायचा आणि परत घेताना एकच विचारायचा, "कोनतं पान आवडलं?" कोणती गोष्ट आवडली, असं कधीच नाही. कोणतं पान. मी काहीतरी सांगायची. तो ते पान उघडून बराच वेळ बघत राहायचा. माझं मत कोणी एवढं गंभीरपणे घेतंय, याची मला लागलेली ती पहिली चटक.

अकरावीला मी वर्ध्याच्या कॉलेजात गेले. सकाळच्या पॅसेंजरने जायचं, सेलू रोड, सेवाग्राम करत पोचायचं, दुपारी परत. कॉलेजच्या रस्त्यावर एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर सायबर कॅफे निघाला होता. घरी मी सांगितलं की कॉलेज सुटल्यावर कॉम्प्युटरचा क्लास असतो. क्लास नव्हता. माडीवर प्लायवूडच्या सहा खोपट्या होत्या, खालून पिठाचा आणि पट्ट्याच्या तापलेल्या रबराचा वास यायचा, आणि तिथेच मला व्हिडिओ गेमच्या आणि कॉमिक्सच्या वेड्यांचा एक चर्चामंच सापडला. नागपूर, पुणे, इंदूर, कुठकुठली पोरं तिथे रोमन अक्षरांत मराठी-हिंदी मिसळून भांडत असत. येत्या महिन्यात कोणता खेळ येतोय, कुठल्या नायकाचा नवा अंक कसा निघेल, यावर. सगळी पोरंच होती. मी नाव घेतलं 'खडूस मास्तर' आणि दहापैकी गुण द्यायला लागले.

खरं सांगायचं तर त्यातले बहुतेक खेळ मी खेळलेच नव्हते. कॅफेतल्या यंत्रांवर ते चालणारच नव्हते. मी बाहेर आलेली चित्रं बघायची, अर्ध्या तासात उतरणारी दीड मिनिटाची झलक बघायची आणि निकाल द्यायची. एका घोडेस्वाराच्या खेळाचा दुसरा भाग येणार होता. त्याची पाच चित्रं बाहेर आली होती. मी लिहिलं, 'ज्यांना घोड्याची सावली जमिनीला टेकवता आली नाही, ते घोडा काय पळवणार? दहापैकी तीन.' आठवडाभर त्यावर भांडणं झाली. एका कॉमिक्सच्या नायकाला नवा पोशाख मिळणार होता, तर मी म्हटलं, 'मे महिन्यात एवढं चिलखत घालून विदर्भात एक चौक ओलांडून दाखव, मग तुला नायक म्हणू.' ते वाक्य पोरांनी इतक्या ठिकाणी चिकटवलं की ते परत माझ्याकडेच कोणी तरी शिकवण म्हणून पाठवलं. घोडेस्वाराचा तो खेळ पुढे इतका देखणा निघाला की लोक आजही त्याचं नाव काढतात. पण तोवर मी दुसऱ्याच कुणावर तुटून पडले होते. चुकलेल्या भाकिताचा हिशेब त्या मंचावर कोणी मागत नसे. जोरात बोललेलं तेवढं लक्षात राहायचं.

आता माझी चाळिशी उलटली आहे आणि माझी भाची मोबाईलवर येऊ घातलेल्या खेळाची झलक बघून अकरा सेकंदांत "बकवास" म्हणते. मी तिला काही बोलत नाही. तिचा तो अंगठा वर सरकताना पाहिला की मला मात्र पिठाचा वास येतो.

बारावीच्या वर्षी, पोळ्याच्या आधी पंधरा-वीस दिवस, प्रशांतदादानं भिंतीवरून एक नवीन अंक दिला. 'धुनकी'. पातळ, बत्तीस पानांचा, नागपूरच्या कुठल्याशा छोट्या छापखान्यातून निघालेला. चित्रकाराचं नाव आकाश राज. नायक कापूस पिंजणारा, आणि पिंजायचं ते मोठं धनुष्य, धुनकी, हेच त्याचं शस्त्र. दादा म्हणाला, "नागपूरले गेलतो तं दिसलं. वाचून सांगजो." त्या वेळी त्याच्या आवाजात काही वेगळं होतं का, हे मी पुढे किती तरी वेळा आठवून पाहिलं. असेलही. मी तेव्हा ऐकलं नाही, कारण आदल्याच दिवशी मंचावर त्या आकाश राजचा मला उद्देशून निरोप आला होता: 'खडूस मास्तर, तुमचं मत मी मानतो. माझं पहिलं पुस्तक आलं आहे. जसं वाटेल तसं लिहा.' मोठमोठ्या खेळांच्या कंपन्या माझ्याकडे ढुंकून बघत नव्हत्या आणि इथे एक खराखुरा चित्रकार माझ्यापुढे मान वाकवून उभा होता. मी तो अंक पॅसेंजरमध्ये वाचला. वाचला म्हणजे उभ्यानं, एका हातात वरची कडी धरून, सेलू रोडपासून सेवाग्रामपर्यंत. माडीवर जाऊन लिहायला मला वीस मिनिटं लागली. दादाला अंक परत करताना मी नुसतं "बरं आहे" म्हटलं. त्यानं या वेळी कोणतं पान, ते विचारलं नाही. मान हलवली आणि आत गेला.

पोळा आमच्या घरातला सण नव्हे, पण सिंदीत राहून पोळ्यापासून अंग चोरता येत नाही. दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा तर पोरांचा. चाकांवरचे लाकडी बैल, काही इतके मोठे की चार पोरांनी ओढावेत, सजवून गावभर फिरवतात आणि दारोदार बोजारा म्हणून खाऊ, नाणी मागतात. त्या दुपारी गल्लीत नुसती चाकांची खडखड आणि शिट्ट्या होत्या. आईनं सांबारवड्या केल्या होत्या. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. भरपूर सांबार, खोबरं, खसखस घालून तळलेल्या त्या वड्यांचं एक ताट तिनं माझ्या हातात दिलं. "काकूकडे दे. जावई आले त्याईचे. तुहे बाबाई तिकडंच बसले हायेत."

मी भिंतीपलीकडच्या घरात पाऊल टाकलं आणि कळलं की इथे सण चाललेला नाही. मेश्रामकाका खाटेवर ताठ बसलेले. बाबा खुर्चीत. हिंगणघाटचे विलासभाऊजी, काकांचे जावई, सतरंजीवर, त्यांच्या मांडीवर घडी घातलेले कागद. काकू स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकलेली. प्रशांतदादा भिंतीशी उभा आणि त्याच्या पायाशी ती लोखंडी पेटी. काकूनं माझ्या हातातून ताट घेतलं पण ते तसंच धरून ठेवलं. मला जा म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

प्रकरण असं होतं. 'धुनकी'चा आकाश राज म्हणजे प्रशांतदादाच होता. दीड वर्ष त्यानं पाट्यांची कामं टाळून ती पानं काढली होती आणि काकांना हे चार दिवसांपूर्वीच कळलं होतं. भाऊजींनी त्याच्यासाठी हिंगणघाटच्या एका सूतगिरणीच्या स्टोअरमध्ये जागा बघून ठेवली होती. सोमवारपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं. दादा म्हणत होता, मला एक वर्ष द्या, मी दुसरं पुस्तक काढतो. काका म्हणाले होते, पहिल्याचं काय झालं ते सांग. आणि दादानं म्हटलं होतं, एक माणूस आहे, त्याचं मत सगळे मानतात, तो काय लिहितो ते पाहा आणि मग ठरवा. सिंदीत तेव्हा इंटरनेट कुठलं? भाऊजींनी हिंगणघाटहून छापून आणलं होतं.

हे सगळं मला दोन-चार वाक्यांतून उलगडलं, आणि मी चौकटीपाशी काकूच्या शेजारी खाली बसले.

"वाच, विलास," काका म्हणाले. "सगळ्याईसमोर वाच."

भाऊजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी एकदा दादाकडे पाहिलं, घसा खाकरला आणि रोमन अक्षरांत अडखळत वाचायला लागले. "'धुनकी हाती आली. कापूस पिंजायच्या धनुष्यानं गुंडांना झोडणारा नायक. कल्पना चांगली होती. चित्रकारानं ती पिंजून पिंजून वाऱ्यावर उडवली.'"

बाहेरून पोरांचा बैल खडखडत गेला. माझंच वाक्य होतं. माडीवर ते लिहिताना मी खुदकन हसले होते. आता ते त्या खोलीत, भाऊजींच्या जड आवाजात, एखाद्या नोटिशीसारखं वाजत होतं. दादानं मान खाली घातली नाही. तो ऐकत होता, नीट, शाळेत निकाल ऐकतात तसा.

"कोन आहे हा खडूस?" काकांनी विचारलं.

"नाव कोनाले ठाऊक नाई," दादा म्हणाला. "पन त्याले समजते, बाबा. तो उगाच नाई लिहत."

मी आजवर माझ्याबद्दल बरं-वाईट पुष्कळ ऐकलं आहे. पण त्या एका वाक्याइतकं काहीच लागलं नाही. त्याच्या उभ्या आयुष्याचा निकाल लागत होता आणि तो माझी बाजू घेत होता.

काका उठले. पेटीला पाय लावून त्यांनी ती थोडी पुढे सरकवली. "झालं तं मंग. तुह्याच मान्साचं मत आहे. सोमवारी हिंगणघाटले जायचं. अन् हे सारं रद्दीवाल्याले."

"अजून हाये जी पुढं," भाऊजी म्हणाले.

"पुढचं वाचू नका," मी म्हटलं. आवाज इतका बारीक आला की मलाच पटला नाही. मी उभी राहिले. "पुढचं मी सांगते. 'मध्ये चार पानं संवादच नाहीत. लेखकाला बहुधा डुलकी लागली असावी, आणि वाचकालाही लागते.' त्याच्यानंतर 'आकाश राज यांनी कुंचला खाली ठेवून जिनिंगात रुई दाबायला जावं. तिथं हातांचा काही उपयोग तरी होईल. दहापैकी दोन, तेही कागद बरा आहे म्हणून.'"

भाऊजी कागदावर बोट ठेवून ओळीओळीनं खाली येत होते. त्यांचं बोट शेवटाला थांबलं. "तुले कसं पाठ व?"

"मी लिह्यलं. खडूस मास्तर मीच आहे."

भाऊजी आधी हसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसणं गिळलं. काकूच्या हातातलं ताट कलंडलं, दोन वड्या जमिनीवर पडल्या. बाबा खुर्चीत हलले नाहीत. फक्त विचारलं, "कुठून लिह्यलं?"

"वर्ध्याहून. क्लास नाई, बाबा. मी कॅफेत जाते."

प्रशांतदादाकडे बघायची माझी हिंमत नव्हती. पण बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि राग असता तर किती बरं झालं असतं. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "तू तं बरं आहे म्हनली होती."

मग काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले. उंच माणूस, काट्यावर तीस वर्षं उभं राहून एक खांदा खाली गेलेला. "पोरी, मले एकच सांग. जे लिह्यलं ते खोटं लिह्यलं काय?"

साऱ्यांचे डोळे माझ्यावर. 'हो, खोटं' म्हणाले असते तर सगळं तिथल्या तिथे मिटण्यासारखं होतं. शब्द जिभेवर आलाही. पण दादा माझ्याकडे बघत होता आणि त्या बघण्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की कीव करून खोटं बोलशील तर ते त्या दोन गुणांपेक्षाही वाईट होईल. आणि खरं काय, ते तरी मला कुठे ठाऊक होतं?

"शेवटची मारामारी वाईट आहे," मी म्हटलं. "सगळ्या गुंडाईचे चेहरे सारखेच. नायक बोलतेही फार. ते खरं आहे, काका. पन ती मधातली चार पानं..." आणि मला रडू फुटलं. "ती मी पाह्यलीच नाई. गाडीत होती मी. शब्द नोयते म्हनून उलटून टाकली."

"न पाह्यताच लिह्यलं?"

"हो."

बाबांनी डोळे मिटून घेतले होते. काका खाटेवर बसले आणि हात पुढे केला. "आन ते पुस्तक. आता पाहा. माह्यासमोर पाहा."

मी खाटेपाशी जमिनीवर बसले आणि पान उघडलं. काकांनी जन्मात कधी कॉमिक्स हातात धरलेलं नव्हतं. चौकटी कुठून कुठे वाचायच्या, फुग्यातलं बोलणं कोणाचं, हे मला सांगावं लागलं. पहिली आठ पानं मी बोट ठेवत सांगत गेले, कुठे बरं, कुठे कच्चं, खरं वाटलं तसं. इथे धुनकीचा आवाज अक्षरांत काढलाय तो छान. इथे हात लांबडा झाला. दादा भिंतीशी तसाच. मग ती चार पानं आली.

एक माणूस काट्यावर कापूस तोलतोय. गाड्या येतात, जातात. ऊन सरकतं. आवार रिकामं होतं. चौथ्या पानावर माणूस एकटाच उरतो, फाटकाजवळच्या नळावर वाकतो आणि ओल्या बोटांनी भुवयांवरची रुई काढतो, एकेक तंतू, घरी जाण्याआधी. शेवटच्या चौकटीत फाटकाबाहेर एक लहान पोर उभं असतं, फक्त पाठमोरं.

या पानांवर मी बोट ठेवलं नाही. काकांनी अंक माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला, मागची तीन पानं पुन्हा उलटली. मग म्हणाले, "काटा चुकला." बोट ठेवलं. "वजनाचं पारडं उजव्या हातापाशी पायजे. यानं मान्साले मालाकून उभा केला. असं तोललं तं दिवसभरात खांदा निखळते." मग दादाकडे न बघता: "हे नळाचं तुले कसं ठाऊक?"

"मी यायचो फाटकापाशी," दादा म्हणाला. "तुमाले दिसलो नाई."

काकूनं पदर तोंडाला लावला. काकांनी अंक मिटला आणि पेटीवर ठेवला, सरळ, कडा जुळवून. "नोकरी तं करा लागन," ते म्हणाले. "घर चालते त्याच्यावर. पन पेटी कोनी हलवायची नाई."

एवढंच झालं. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. भाऊजींनी तो कागद चारदा दुमडून खिशात घातला. काकूनं जमिनीवरच्या वड्या उचलल्या. बाबा उठले आणि मला म्हणाले, "चाल."

त्यांनी त्या दिवशी एक शब्द काढला नाही, आईलाही काही सांगितलं नाही. मार बसेल, कॉलेज बंद होईल, आत्याकडे केळझरला पाठवतील, असं एकेक मनात येत राहिलं आणि मांडणीवरची ताटं किणकिणली की मी दचकत होते. सकाळी मी दप्तर घेतलं तर बाबा चपला घालून दारात उभे. पॅसेंजरमध्ये माझ्या शेजारी बसले. वर्ध्यात उतरल्यावर म्हणाले, "दाखव कुठं ते."

पिठाच्या गिरणीचा जिना चढून ते त्या खोपटीत बसले, माझ्या शेजारच्या स्टुलावर, गुडघे प्लायवूडला टेकलेले. मी एकेक मत उघडून त्यांना वाचून दाखवलं. घोडेस्वार, चिलखत, सगळं. सव्वा वर्षाचं. एका ठिकाणी ते हसले, चिलखताच्या. बाहेर रस्त्यावर आल्यावर एका हातगाडीपाशी त्यांनी दोघांसाठी तर्री-पोहे घेतले.

"आमच्यात एकजन होता," ते म्हणाले. "खाली उभा राहून सांगायचा, लाईन बंद आहे, चढा. तपासायचा नाई. आवाज मोठ्ठा होता त्याचा, म्हनून सगळे मानत. बरेचदा लाईन बंदच राह्यची." त्यांनी द्रोण खाली ठेवला. "एक दिवस नोयती."

वर कोण चढलं होतं, हे मी विचारलं नाही.

"लिहायचं तं लिही," ते म्हणाले. "तुले लिहता येते, दिसलं मले. पन आपल्या नावानं लिही. अन् पाह्यल्याशिवाय नाई."

मी त्याच आठवड्यात 'धुनकी'वर पुन्हा लिहिलं, खाली माझं नाव घालून, सुजाता. आधीचा शेरा मी न वाचता मारला होता, हेही लिहिलं. मंचावर जे व्हायचं ते झालं. निम्म्यांना वाटलं कोणी तरी खडूसचं खातं चोरलं. बाकीच्यांनी मुलींनी कुठलं काय खेळावं, यावर मतं दिली. एकानं लिहिलं, 'मास्तर बरा होता, मास्तरीण नको.' मला महिन्याला एखाद-दुसरंच लिहिता यायचं आता, कारण खरोखर खेळायचं आणि वाचायचं तर वेळ लागतो, आणि ते कंटाळवाणं निघतं, हळू, 'मला वाटतं'नं भरलेलं. वाचणारे कमी होत गेले. आज वर्तमानपत्रात याच विषयावर लिहून मी पोट भरते, तरी माझं लिखाण वेळेवर पोचत नाही म्हणून संपादक वैतागलेले असतात.

प्रशांतदादा सोमवारी हिंगणघाटला गेला. सुट्टीत यायचा, पण भिंतीवरून काही येणं थांबलं. समोर आलो तर तो मान हलवायचा, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. मी माफी मागायला दोनदा गेले; दोन्ही वेळा तो म्हणाला, "होऊन गेलं ते," आणि काकूनं चहा पाजून मला परत पाठवलं. दिवाळी गेली. जिनिंग सुरू झालं, बंद झालं. मी बारावी पास झाले. बाबा कधी कधी विचारायचे, "बोलला काय?" मी नाही म्हणायची आणि ते पुन्हा तारांकडे बघू लागायचे.

पुढचा पोळाही होऊन गेल्यावर, एका रविवारी सकाळी, काकू आमच्या दारात आली. हातात जाड ब्राऊन पेपरचं पाकीट. "पर्शांतनं देल्लं. तुले दे म्हने." आत पेन्सिलीनं काढलेली चोवीस पानं होती. धुनकीवाला नाही, वेगळीच गोष्ट, एका सिग्नलच्या केबिनमधली. कुठे शाई नाही, नाव नाही. वर एक चिठ्ठी: 'पाह्यजो. घाई नाई.'

मी तीन दिवस ती पानं पाहिली. एकदा भरभर, मग सावकाश, मग उलटीकडून. आईनं विचारलं, परीक्षा आहे का? चौथ्या दिवशी दादा रजेवर घरी होता, तेव्हा मी पाकीट घेऊन गेले. तो अंगणात दाढी करत होता, आरसा भिंतीला टेकवलेला, अर्ध्या गालावर साबण. मी पाकीट त्याच्यापुढे धरलं. काय काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, त्यातलं काही आठवेना.

"अठरावं पान मले समजलं नाई," मी म्हटलं. "पाच वेळा पाह्यलं."

त्यानं वस्तरा खाली ठेवला. पाकिटातून अठरावं पान काढलं, हात लांब करून धरलं आणि साबण वाळेपर्यंत बघत राहिला.

"मलेबी नाई," तो म्हणाला. "बस इथं."